गाडीची दुसरी किंमत

१. विकणारा आणि शेजारी

बारा वर्षे वापरलेली गाडी दीड-पावणेदोन लाखांत मिळत असेल तर ती घ्यावी का, आणि घेतलीच तर वर्षाकाठी गॅरेजमध्ये किती पैसे जातील, हा प्रश्न नेवासे, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात शिक्षकापासून ऊस-कांद्याच्या बागायतदारापर्यंत अनेकांना पडतो आणि त्याची उत्तरे बहुधा दोनच मिळतात. विकणारा सांगतो, एक रुपयाचे काम नाही, पेट्रोल टाका आणि चालवा. शेजारी सांगतो, जुनी गाडी म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती. आकडा मात्र दोघांपैकी एकही सांगत नाही. वस्तुतः जुन्या गाडीला दोन किमती असतात. पहिली व्यवहाराच्या दिवशी एकरकमी मोजली जाते. दुसरी पुढच्या वर्ष-दीड वर्षात, कधी क्लचप्लेटच्या तर कधी रेडिएटरच्या रूपाने, हप्त्याहप्त्याने चुकती होते. ही दुसरी किंमत बऱ्याच अंशी आधी काढता येते, आणि ती कशी काढावी हा या प्रकरणाचा विषय आहे.

उदाहरणासाठी शनिशिंगणापूरचा परिसर घेण्याला कारण आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, या शहरापासून ३५-४० किलोमीटरवर नेवासे तालुक्यात असलेल्या या गावाला रेल्वेस्थानक नाही. शिर्डीहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून येणारा भाविक असो की नगरहून घोडेगावमार्गे येणारा असो, त्याला चाकांवरच यावे लागते. त्यामुळे या रस्त्यांवर क्रूझर, टवेरा, इको, इनोव्हा अशा गाड्या दिवसभर सवाऱ्या घेऊन पळत असतात, आणि धंद्यातून निवृत्त झाल्यावर त्या जुन्या गाड्यांच्या बाजारात उतरतात. गाडी कशी झिजते हे पाहायला याहून चांगला रस्ता शोधावा लागत नाही.

२. बंपरवरचे लिंबू आणि अर्थशास्त्रातले लिंबू

शनिशिंगणापूरच्या घरांना दारे-कुलपे नसतात ही त्या गावाची ख्याती आहे. युको बँकेने २०११ मध्ये तेथे शाखा उघडली तेव्हाही दाराला नेहमीसारखे कुलूप न लावण्याची बातमी देशभर झाली. जुन्या गाडीच्या व्यवहारात मात्र कुलूप असतेच, फक्त ते घरावर नसून माहितीवर असते. गाडी कोठे ठोकली गेली, ऑइल कितीदा बदलले, इंजिन एकदा तापून बंद पडले होते की नाही, हे सारे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते.

या विषमतेचा परिणाम अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एका निबंधात मांडला. तो आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता, आणि पुढे २००१ साली अकरलॉफ यांना इतर दोघांबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अमेरिकी बोलीत आतून खराब निघालेल्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात, आणि अकरलॉफ यांनी जुन्या गाड्यांच्या बाजारालाच लिंबांचा बाजार म्हटले. योगायोग असा की आपल्याकडेही गाडीच्या पुढच्या बंपरला लिंबूच टांगले जाते, फक्त ते संकट बाहेर ठेवण्यासाठी.

अकरलॉफ यांचा मुद्दा एका छोट्या हिशेबाने कळतो. समजा बाजारात दिसायला सारख्या १० गाड्या आहेत. त्यांतील ५ चांगल्या, प्रत्येकी २ लाखांच्या योग्यतेच्या, आणि ५ खराब, प्रत्येकी १ लाखाच्या. कोणती कशी हे घेणाऱ्याला ओळखता येत नसल्यामुळे तो सरासरी धरून दीड लाखापलीकडे जात नाही. दीड लाखात आपली दोन लाखांची गाडी द्यायची कशाला, असे म्हणून चांगल्या गाडीचा मालक ती पाहुण्यांत किंवा ओळखीत देऊन टाकतो, आणि भर बाजारात उरतात त्या बहुतांशी खराब गाड्या. म्हणजे ‘बाजारातली सगळी गाडी फसवीच’ ही लोकसमजूत अगदी निराधार नाही. परंतु तिच्यावरचा उपायही त्यातच आहे, तो असा की माहितीची दरी जो घेणारा जितकी बुजवील तितका तो सरासरीच्या सापळ्यातून सुटेल.

३. काटा काय सांगतो आणि काय लपवतो

गाडी किती धावली हे सांगणाऱ्या आकड्यावर घेणाऱ्यांचा फार विश्वास असतो, आणि तोच आकडा मागे फिरवणे सर्वांत सोपे असते. तेव्हा त्याची उलटतपासणी करावी लागते. शिर्डी-शिंगणापूर अशी एक खेप रोज करणारी गाडी जाऊन-येऊन १४० किलोमीटर धावते. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३,५०० आणि वर्षाचे ४२,००० किलोमीटर होतात. घरगुती गाडी वर्षाला साधारण १०,००० किलोमीटर चालते. याचा अर्थ पाच वर्षे सवारी केलेली गाडी दोन लाख दहा हजार किलोमीटर चाललेली असते, आणि तीच गाडी पिवळ्या पाटीची पांढरी करून, काट्यावर ७८,००० दाखवत विक्रीला उभी राहिली तर कागदोपत्री वयाने तरुण पण शरीराने म्हातारी ठरते.

काटा खोटे बोलला तरी गाडीचे बाकीचे अवयव बोलत नाहीत. ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत होऊन कडेने लोखंड डोकावत असेल, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसले गेले असतील, चालकाच्या आसनाचा दाराकडचा कोपरा दबून फोम बाहेर आला असेल, तर ७८,००० हा आकडा विसरावा. आरसी बुकात वाहनाचा पूर्वीचा प्रकार, विमा कंपनीच्या जुन्या पॉलिसी आणि पीयूसी प्रमाणपत्रे पाहिली तर धंद्याची गाडी सहसा लपत नाही.

४. परातीचा काठ

यंत्रे कधी बिघडतात याचा अभ्यास करणारे अभियंते एक आलेख काढतात. त्याची आकृती पाश्चात्त्य पुस्तकांत न्हाणीच्या टबासारखी सांगितली जाते, पण मराठी घरात ती परातीच्या उभ्या छेदासारखी म्हटली तर लगेच डोळ्यांपुढे येते. डावीकडचा उतरता काठ म्हणजे नव्या यंत्राचे बाळदोष, जे वॉरंटीत निस्तरले जातात. मधला सपाट तळ म्हणजे बिघाड क्वचितच होण्याची वर्षे. आणि उजवीकडचा काठ म्हणजे झीज, जिथे एकामागून एक भाग आयुष्य संपवू लागतात. जुनी गाडी घेणारा या उजव्या काठाच्या पायथ्याशी गाडी ताब्यात घेतो. पहिल्या मालकाने ती नेमकी त्याच वेळी का विकली, याचे उत्तरही बहुधा तिथेच असते.

या काठावर तीन प्रकारचे भाग भेटतात. काही किलोमीटरने झिजतात, जसे टायर, ब्रेकचे पॅड, क्लचप्लेट. काही नुसत्या वयाने मरतात, मग गाडी उभी का असेना. रबरी होज, बुश, बॅटरी आणि टायरचे रबरसुद्धा यात येते. तिसरे भाग निष्काळजीपणाने मरतात, म्हणजे ज्यांचे ऑइल, पाणी किंवा फिल्टर वेळेवर बदलले गेले नाही असे. पहिल्या दोन प्रकारांचा खर्च ठरलेला आणि मोजता येण्याजोगा असतो. घेणाऱ्याला बुडवतो तो तिसरा प्रकार, आणि त्याचे मुख्य ठिकाण इंजिन आहे.

५. इंजिन: तेल, पाणी आणि धूर

ताशी ६० किलोमीटर वेगाने म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. तेव्हा एक लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचे इंजिन निदान एक लाख मिनिटे फिरलेले असते. मिनिटाला २,५०० फेरे धरले तर हे २५ कोटी फेरे झाले. इतके फेरे लोखंडावर लोखंड घासून होणे शक्य नाही. ते होतात कारण दोन धातूंच्या मध्ये केसापेक्षा पातळ असा तेलाचा थर सतत टिकून असतो. शनीच्या शिळेवर वाहायचे तेल भेसळीचे नसावे म्हणून शनिशिंगणापूरला १ मार्च २०२५ पासून केवळ नामांकित ब्रँडचे शुद्ध खाद्यतेलच स्वीकारण्याचा निर्णय झाला. इंजिनाच्या तेलाबाबत तेवढी काटेकोर भूमिका फार थोडे मालक घेतात.

तेलाचा थर वर्षानुवर्षे काळा आणि पातळ राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजतात. रिंग म्हणजे काय हे सायकलच्या पंपावरून कळते: पंपाच्या दांड्याला खाली चामड्याचा वायसर असतो, तो झिजला की कितीही दाबले तरी हवा टायरमध्ये न जाता वरच्या बाजूने निसटते. इंजिनात हेच दोन्ही दिशांनी घडते. वरचा दाब खाली निसटतो, त्यामुळे पिकअप जातो, आणि खालचे ऑइल वर चढून जळते, त्यामुळे सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. मिस्त्री अशा गाडीला ‘ऑइल पिते’ म्हणतात. हजार किलोमीटरमागे लिटरभर ऑइल कमी होत असेल तर इंजिनकाम जवळ आले असे समजावे. लहान पेट्रोल गाडीचे पूर्ण इंजिनकाम स्थानिक गॅरेजमध्ये साधारण ३५ ते ६० हजारांत होते, आणि मोठ्या डिझेल गाडीचे सहज लाखाच्या घरात जाते.

ही तपासणी अगदी साधी आहे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सैल करून उचलावे. किंचित हवा येणे स्वाभाविक आहे. परंतु आतून धडधडत्या लयीत धूर बाहेर फेकला जात असेल, झाकण जागेवर नाचत असेल, तर रिंगांमधून दाब खाली उतरतो आहे. मग इंजिन बंद करून झाकणाची आतली बाजू बोटाने पुसून पाहावी. स्वच्छ काळसर तेलाचा पापुद्रा असेल तर ठीक. दुधी चहाच्या रंगाची, मलईसारखी चिकट साय बोटाला लागली तर तेलात पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. थंडीत फक्त चार-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत अशी थोडी साय दमटपणामुळेही धरते, म्हणून डिपस्टिकवरचे तेलही तसेच दुधाळ आहे का ते पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

तेलात पाणी येते ते बहुधा हेड गॅस्केटमधून. इंजिनाचा खालचा भाग ब्लॉक आणि वरचा भाग हेड, आणि दोहोंच्या मध्ये कुकरच्या रिंगसारखे काम करणारे हे गॅस्केट. कुकरची रिंग कडक झाली की वाफ कडेने फुसफुसते. इथे रिंगेच्या एका बाजूला जळता वायू, दुसऱ्या बाजूला पाणी आणि तिसऱ्या बाजूला तेल असल्यामुळे ती फाटली की तिघांची गाठ पडते. सायलेन्सरमधून येणारा, गाडी तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर हे त्याचेच लक्षण असते. गॅस्केटची स्वतःची किंमत हजार-दोन हजारांची, पण ते बदलण्यासाठी हेड उतरवावे लागते, मशीन शॉपमध्ये घासून सपाट करावे लागते, नवे ऑइल आणि कूलंट भरावे लागते, आणि सगळे मिळून १० ते १८ हजारांचा आकडा होतो. जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा हा स्थायीभाव आहे: पार्ट स्वस्त, मजुरी महाग.

गॅस्केट फाटण्यामागे बहुतेक वेळा गाडी गरम होण्याचा इतिहास असतो, आणि त्यामागे पाणी. रेडिएटरमध्ये कूलंट भरायचे असते. हे असे द्रव्य की जे गंज धरू देत नाही आणि उशिरा उकळते. परंतु वाटेत पाणी कमी झाले की बोअरवेलचा हंडा रिकामा करण्याची सवय सर्वत्र आहे. क्षारयुक्त पाण्याने पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला जसा पांढरा थर धरतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो, आणि नळी बुजली की उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटर बदलायला ३ ते ६ हजार, पाण्याचा पंप दीड ते तीन हजार. वेळेवर टाकलेले कूलंट काही शे रुपयांचे असते.

येथे एका हातचलाखीचा उल्लेख आवश्यक आहे. इंजिनात थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापेपर्यंत ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर गरम होते, आणि मग उघडून पाणी रेडिएटरकडे सोडते. तापणारी गाडी विकायची असेल तर ही झडपच काढून टाकली जाते. त्यामुळे चाचणीत गाडी तापत नाही; मात्र दहा किलोमीटर चालवूनही तापमानाचा काटा तळाशीच लोळत राहतो. काटा वर जाणे वाईट हे सर्वांना ठाऊक असते, तो अजिबात वर न येणेही तितकेच संशयास्पद असते हे थोड्यांना.

काळ्या धुराबद्दल फार काळजी नको: तो अर्धवट जळलेल्या इंधनाचा असतो आणि पुष्कळदा एअर फिल्टर तुंबल्यामुळे येतो. ऊसतोडीच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर ट्रॉल्यांच्या मागे धूळ खात फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या निम्म्यात भरतो. तीन-चारशे रुपयांचे काम.

६. पट्टा

एका उखळात दोघीजणी आळीपाळीने मुसळ घालत असतील तर लय आहे तोवर काम सुरळीत चालते. लय चुकली की मुसळावर मुसळ आपटते. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचे असेच आहे. दोघे एकाच पोकळीत येतात, मात्र वेगवेगळ्या वेळी, आणि त्यांची लय काही इंजिनांत रबरी टायमिंग बेल्ट तर काहींत साखळी राखते. बेल्ट असेल तर तो उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर किंवा वर्षांवर बदलायलाच हवा, कारण तुटण्यापूर्वी तो सहसा सूचना देत नाही आणि तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. चार ते सात हजारांचे काम टाळल्याने तीस-चाळीस हजारांचे अंगावर येते. बदलल्याचे बिल दाखवता येत नसेल तर बेल्ट बदललेला नाही असे धरून किंमत ठरवावी.

७. क्लच आणि अमावास्या

दोन थाळ्या एकमेकींवर दाबून धरल्या आणि एक फिरवली तर दुसरी तिच्याबरोबर फिरते. दाब काढला की एक फिरते आणि दुसरी थांबते. क्लच म्हणजे एवढेच. पाय अर्धवट ठेवला की थाळ्या धड चिकटत नाहीत, धड सुटत नाहीत, आणि घासून झिजतात. शनी अमावास्येला गावाकडे येणारे रस्ते गाड्यांनी भरून जातात तेव्हा तासभर इंच-इंच सरकणाऱ्या गाडीचा क्लच महामार्गावरच्या कित्येक दिवसांएवढे आयुष्य वेचतो. त्यामुळे ‘क्लचप्लेट किती किलोमीटर टिकते’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. ४० हजारांत गेलेली आणि लाखभर टिकलेली अशा दोन्ही दिसतात.

तपासायची रीत अशी. सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढावा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकावी, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सावकाश सोडावा. क्लच निरोगी असेल तर इंजिन धापा टाकून बंद पडते. ते न थांबता घोंघावत राहिले तर थाळ्या घसरत आहेत. हा प्रयोग एकदाच करावा. पुन्हा पुन्हा केल्यास चांगला क्लचही जळतो. लहान गाडीचा क्लचचा पूर्ण संच मजुरीसह ५ ते ९ हजारांना बसतो.

चढावर मात्र हे आपोआप कळते. नगरजवळ संरक्षण संशोधन विभागाची व्हीआरडीई ही संस्था आहे, तिथे वाहनांच्या शास्त्रशुद्ध चाचण्या होतात. जुन्या खासगी गाडीच्या वाट्याला नगर-संभाजीनगर रस्त्यावरचा इमामपूर घाट येतो. घाटात चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लचचे पैसे किमतीतून वजा करूनच पांढरीपुलावर चहाला थांबावे.

८. चाकांच्या आसपास

खड्ड्यातून जाताना पुढून येणारी ‘खडखड’ ही जुन्या गाडीची सर्वांत सामान्य तक्रार आणि बहुधा सर्वांत कमी धोक्याची. तिच्यामागे लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट असे रबरी आणि गोलाकार सांधे असतात, ज्यांत झिजून खेळ येतो. शॉकॲबसॉर्बर वेगळा: तो पिचकारीसारखा असून तेल बारीक छिद्रातून ढकलत स्प्रिंगचे उसळणे आवरतो. गाडीचा कोपरा दाबून सोडला की ती एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे; बैलगाडीसारखी डुलत राहिली तर पिचकारी रिकामी आहे. पुढच्या भागाचे नेहमीचे काम ८ ते १२ हजारांत होते.

टायरच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात. ‘३२१७’ याचा अर्थ २०१७ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांचे रबर कडक होते आणि मे महिन्याच्या डांबरावर त्याचा भरवसा उरत नाही. टायर फक्त आतल्या कडेने झिजलेला असेल तर चाकांची कोनरचना बिघडली आहे. तीन-चारशे रुपयांच्या अलाइनमेंटने ती दुरुस्त झाली नाही, तर गाडी कधीतरी जोरात आदळली असण्याची शक्यता विचारात घ्यावी.

९. डिझेल, वीज आणि इथेनॉल

जुनी डिझेल गाडी स्वस्त का मिळते याचे उत्तर तिच्या इंधनाच्या दाबात आहे. टायरमधली हवा सुमारे २ बार दाबाची असते. आधुनिक कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधन हजार-दीड हजार बारपेक्षा जास्त दाबाने केसाएवढ्या छिद्रांतून फवारले जाते. एवढ्या नाजूक भागात पाण्याचा किंवा कचऱ्याचा कण गेला की इंजेक्टर जातो, आणि नवा एक इंजेक्टर १२ ते २५ हजारांचा, असे चार. टर्बो वेगळा. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याने जुनी डिझेल गाडी घेणे म्हणजे ॲव्हरेजमध्ये वाचवून इंजेक्टरमध्ये घालवणे होय.

बॅटरी तीन ते पाच वर्षे चालते. इंजिन चालू असताना तिच्या दोन टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर डायनामो ठीक आहे. हे मोजायला दोनशे-तीनशे रुपयांचा मीटर पुरतो.

पेट्रोल गाडीबाबत अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि ते इथेनॉल नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतूनही येते. या मिश्रणाला साजेशा साहित्याच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून बनू लागल्या. त्याआधीच्या गाड्यांत, विशेषतः बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या, इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील लवकर कडक होऊ शकतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या रचनेच्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्याच जुन्या गाडीच्या नळ्या त्याच उसाने खराब व्हाव्यात, यात थोडा विनोद आहे. पण नळ्यांचा संच हजार-पंधराशेत बदलता येतो आणि गाडी घेतल्यावर पहिल्या सर्व्हिसिंगलाच तो बदलून टाकणे शहाणपणाचे.

१०. हिशेब

आता दोन गाड्या समोर ठेवाव्यात. दोन्ही बारा वर्षांच्या लहान पेट्रोल गाड्या. पहिलीची किंमत १,६०,००० रुपये, चकचकीत पॉलिश केलेली, बिले नाहीत. दुसरीची १,९०,०००, रंग उडालेला, पण टायर, बॅटरी, क्लच आणि पुढचे सस्पेन्शन वर्षभरात बदलल्याची बिले असलेली. पहिलीला लगेच लागणारा खर्च: चार टायर १४,०००, बॅटरी ४,५००, क्लच ७,०००, सस्पेन्शन ९,०००, ब्रेक ४,०००, ऑइल-कूलंट-फिल्टरसह सर्व्हिसिंग ५,०००, एकूण ४३,५००. तिची खरी किंमत २,०३,५०० झाली. दुसरीला फक्त ब्रेक आणि सर्व्हिसिंगचे ९,००० घातले तर १,९९,०००. तीस हजारांनी महाग दिसणारी गाडी साडेचार हजारांनी स्वस्त निघाली, आणि पॉलिशची चमक पहिल्या पावसापर्यंतच टिकणार हे वेगळे.

पुढच्या वर्षांचा खर्च काढताना प्रत्येक भागाची किंमत त्याच्या आयुष्याने भागावी. १४,००० चे टायर ४०,००० किलोमीटर टिकले तर किलोमीटरला ३५ पैसे पडतात. याच रीतीने क्लच १० पैसे, टायमिंग बेल्ट १०, ब्रेक १०, सस्पेन्शन १५, आणि दर १०,००० किलोमीटरला ५,००० चे सर्व्हिसिंग धरले तर ५० पैसे; सगळे मिळून १ रुपया ३० पैसे. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवणाऱ्याला हा खर्च १३,००० पडतो, बॅटरीचे वार्षिक अकराशे मिळवून चौदा हजारांच्या आसपास. अचानक उद्भवणाऱ्या कामांसाठी तेवढीच रक्कम आणखी ठेवली, तर महिन्याला अडीच हजारांपेक्षा कमी पैशांत बारा वर्षांची गाडी चालते. हे सर्व आकडे स्थानिक गॅरेजच्या पातळीचे असून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ते दीडपटीपर्यंत जाऊ शकतात. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने बिल भरून अस्सल पार्ट घेणे पूर्वीइतके जड राहिलेले नाही.

११. कागदांची झीज

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. या मुदतवाढीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीसाठी ५,००० रुपये आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढील गाडीला १०,०००. शिवाय महाराष्ट्रात हरित कर भरावा लागतो. म्हणून साडेचौदा वर्षांच्या गाडीच्या किमतीत हा खर्चही मिळवावा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवली आहे का तेही पाहावे. चारचाकीला ती ७४५ रुपये अधिक कर अशी पडते.

विकणाऱ्याचीही एक दुसरी किंमत असते, आणि ती त्याला बहुधा ठाऊक नसते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून किल्ली दिली की आपण मोकळे, असे त्याला वाटते; परंतु आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

१२. रविवारची सकाळ

शनिवारी लोखंड घरात आणू नये, ही समजूत या भागात अजून पाळली जाते, त्यामुळे शुक्रवारी ठरलेला व्यवहार पुष्कळदा रविवारवर जातो. श्रद्धा असो वा नसो, यंत्राच्या दृष्टीने हा खंड फार उपयोगी आहे, कारण गाडीचे खरे दुखणे थंड इंजिनातच बोलते आणि विकणारा नेमका गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन गरम करून ठेवतो. म्हणून शनिवारी संध्याकाळी गाडी जागच्या जागी उभी करून तिच्याखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवण्याची विनंती करावी, आणि रविवारी सकाळी किल्ली फिरवण्यापूर्वी बॉनेटवर तळहात ठेवून ते थंड आहे ना हे पाहावे. मग वर्तमानपत्र ओढून उजेडात धरावे. एसीचे पाणी वाळून गेलेले असते, त्याचा डाग मोजू नये. काळा, चिकट ठिपका इंजिन ऑइलचा. लालसर असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचा. हिरवा किंवा गुलाबी, गोडसर वासाचा असेल तर कूलंटचा. आणि चाकाजवळचा पिवळट, निसरडा ओघळ ब्रेक ऑइलचा, जो दिसला तर त्या दिवशी गाडी चालवून पाहायचीही नाही.